व्हेल्डा नेपियरच्या मयताचं जेवण

पिजन फोर्क, केंटकी
सप्टेंबर १९८४, रविवार, चर्चनंतर

आदरणीय आर्डिथताई हिला धाकट्या हॉबर्टचा टोपी काढून नमस्कार.

तुझा डावा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तू उजवा लिहिला होतास, पण डेल्बर्टभावोजी फोनवर डावा म्हणाले, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली असं समज. भावोजींचं मीठ बंद झालं हे ऐकून वाईट वाटलं. (इकडून खारवलेलं हॅम पाठवणार होतो, आता नुसतं वर्णन पाठवतो. छान होतं.) आम्ही सगळे बरे आहोत. ओमाची कंबर धरली होती ती सुटली, मका यंदा बरा आला, आणि शाळेची बस अजून मीच चालवतो. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बस चालवायला पास केलं. पोरांचे आईबाप अजून विचारात आहेत.

आता मूळ गोष्ट. ती तुझ्या कानावर आलीच असणार, कारण आपली मावसबहीण लुडी हिच्या हाताला टेलिफोन चिकटलेला असतो. पण लुडी सांगते त्यातून निम्मं वजा करायचं आणि उरलेलं दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्यायचं. मी एका जिवंत बाईच्या दारात मयताचं जेवण घेऊन गेलो आणि माझ्यामागून अर्धं पिजन फोर्क गेलं, हे खरं आहे. मी रडत होतो, हे खोटं आहे. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता. (सप्टेंबरात इथे कुणाकडे शेकोटी पेटलेली नसते, असं ओमा मागून म्हणते आहे. तिला काही म्हणायचं असेल तर तिनं वेगळं पत्र लिहावं.)

ती बाई कोण हे सांगायचं तर नाव काढावं लागेल, आणि ते नाव तुझ्या टेबलाशी काढलेलं चालत नाही हे मी विसरलेलो नाही. मागे थँक्सगिव्हिंगला आम्ही डेटनला आलो होतो तेव्हा माझ्या तोंडून ते निसटलं, तर तू माझ्या ताटातली टर्कीची तंगडी उचलून भावोजींच्या ताटात ठेवलीस. तेव्हा आधी खुर्चीत नीट बैस. बसलीस? व्हेल्डा नेपियर. लिहिलं बुवा एकदाचं.

तुझी बाजू मला तोंडपाठ आहे. तुम्ही दोघी लहानपणापासून चर्चमध्ये जोडीनं गायच्यात, ती चाल धरायची आणि तू तिच्याखालून दुसरा सूर. नॉक्सव्हिलच्या रेडिओवर गायचं ठरलं, आईनं दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवले, आणि ऐन वेळी तुझे दोन्ही गाल फुगले. गालगुंडं. तू बरी होईपर्यंत थांबते असं ती म्हणाली आणि थांबली नाही. दुपारच्या बसनं एकटी गेली ती पुढे गावोगावची झाली. तू दुसऱ्या वर्षी लग्न करून डेटनला गेलीस, आणि तेव्हापासून त्या बाईला तुझ्या घरात माफी नाही. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, मी तुझा सख्खा भाऊ आहे. पण माझे कान मला देवानं दिले. देताना त्यानं तुमच्या भांडणाची चौकशी केली नव्हती.

आणि ताई, काय गाते ती. कॉडिलच्या दुकानात पिठाच्या पोत्यावर बसून मी तिची पहिली रेकॉर्ड ऐकली आणि उठायचंच विसरलो. (उठलो तेव्हा मागून पांढरा झालो होतो आणि तसाच गावभर फिरलो.) 'तुझा सदरा धुतला नाही' हे तिचं गाणं. त्यात घडत काहीच नाही. नवरा निघून गेलाय, त्याचा एक सदरा खुंटीवर राहिलाय, आणि बाई सोमवारचे कपडे धुताना तेवढा एक बाजूला ठेवते. बस. दुसऱ्या गायिका गाणं सुरू व्हायच्या आतच रडायला लागतात, मग ऐकणाऱ्याला काही कामच उरत नाही. व्हेल्डा सगळं असं सांगते, जसं शेजारणीला कुंपणावरून सांगावं, आणि रडायचं काम आपल्यावर सोडून देते. मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल याला हिशोब नाही, पण दर वेळी वाटतं, या खेपेला धुवील ती सदरा. धूत नाही.

मग रेकॉर्डी निघतात त्या नॅशव्हिलनं तिला उचललं. तिथल्या लोकांनी तिच्या मागे बारा फिडलवाले बसवले, अंगावर चमक्या शिवल्या, केस छतापर्यंत नेले. एक रेकॉर्ड तिनं तशी काढली, आणि पुढच्या रेकॉर्डला सगळ्यांना घरी पाठवून फक्त नवऱ्याची गिटार ठेवली. लोक म्हणाले संपली. तर त्याच रेकॉर्डवर 'मागच्या दाराला कडी नाही' निघालं, आणि मग इथून टेक्ससपर्यंत एक ट्रक असा नव्हता की ज्यात ते वाजत नव्हतं. घर सोडून गेलेल्या माणसासाठी बाई रोज रात्री पुढचं दार लावते आणि मागचं तसंच ठेवते, एवढंच गाणं. ते ऐकून आपल्या कॉडिलनं माहेरी गेलेल्या बायकोला परत आणलं. (दुसऱ्या महिन्यात व्हेल्डाचंच दुसरं गाणं ऐकून बायको पुन्हा गेली. पण याला गाणारी काय करणार?) तीस वर्षं ती बाई बसमध्ये झोपली, जत्रांमध्ये गायली, आणि एकदाही असं गायली नाही की आता हे माझ्या सवयीचं झालं आहे. मी बस त्याच रस्त्यावर रोज चालवतो, मला विचार सवय काय असते.

आता माझं नशीब बघ. एवढा भक्त मी, पण समोर बसून तिला कधी ऐकलंच नाही. कौंटीच्या जत्रेत ती आली, तर मला मोटारी लावायच्या मैदानावर उभं केलं, पाऊस पडला, आणि चिखलातून शेवटचा ट्रक ओढून काढेपर्यंत तिकडे टाळ्या संपून लोक मोटारी मागायला आले. दुसऱ्या खेपेला नॉक्सव्हिलची तिकिटं काढली, तर अर्ध्या वाटेत ओमाला कळा सुरू झाल्या. (त्या पोरीचं नाव आम्ही व्हेल्डा ठेवलं. तू तिला अजून 'बाळ' म्हणतेस. बाळाला आता दोन बाळं आहेत.) तिसऱ्या खेपेला पहिल्या रांगेत बसलो, पडदा वर गेला, आणि बाईंचा घसा बसला असल्यामुळे त्यांच्याऐवजी एक गृहस्थ करवतीवर गाणी वाजवतील असं जाहीर झालं. गृहस्थ फार चांगले होते. त्यांनी दोन तास वाजवलं.

पाच वर्षांपूर्वी तिचा गिटारवाला नवरा वारला आणि तिनं गाणंच बंद केलं. तिच्या आईच्या रिकाम्या घरात, इथे वरच्या वळणावर येऊन राहिली. कुणाकडे जात नाही, कुणाला बोलावत नाही. आपले लोक असे की, जिला एकटं राहायचं आहे तिला राहू देतात आणि चर्चमध्ये तिच्याविषयी बोलतात. मी रोज दोनदा तिच्या घरावरून बस नेतो. तिथे हळू करतो. पण तिच्याकडे शाळेत जाणारं पोर नाही, तेव्हा थांबायला काही निमित्त नव्हतं. मरण्याआधी एकदा तिला समोर गाताना ऐकावं, एवढीच एक इच्छा घेऊन मी पाच वर्षं ते वळण घेतो आहे. ओमा म्हणते माझ्या इच्छेपायी बसचे ब्रेक झिजतात.

तर गेल्या शनिवारी सकाळी मी कोठारात कुऱ्हाडीला धार लावत होतो आणि रेडिओ चालू होता. तुला इथला नियम आठवत असेल. आपल्या रेडिओवर एल्वुड जुन्या गाणाऱ्याचं एक गाणं लावतो, मग ट्रॅक्टरची जाहिरात, मग हवामान. एकाच माणसाची तीन गाणी मध्ये जाहिरात न घेता ओळीनं लागली, की तो माणूस गेला असं समजायचं आणि बायकांनी मयताच्या घरी न्यायला बटाटे उकडायला टाकायचे. त्या दिवशी व्हेल्डाचं एक लागलं. मी खूश. दुसरं लागलं. मी दगड खाली ठेवला. तिसरं लागलं ते 'तुझा सदरा धुतला नाही', आणि मी घराकडे चालायला लागलो. ओमानं बटाटे टाकलेले होते. चौथं लागलं तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांकडे न बघता उभे होतो.

झालं काय होतं ते नंतर कळलं. एल्वुड व्हेल्डाची मोठी रेकॉर्ड लावून गाडीची काच वर करायला बाहेर गेला, मागे दार लागून कुलूप बसलं, किल्ली आत. रेकॉर्डची अख्खी बाजू वाजेपर्यंत तो खिडकीवर बुक्क्या मारत होता. स्टेशनला फोन करून विचारावं असं गावात कुणाला सुचलं नाही, कारण सगळे एकमेकांना फोन करत होते. आणि तिच्या घरी फोन करावा म्हणशील, तर मेलेल्या माणसाला फोन कोण करतं?

जेवण न्यायचं तर भांडं हवं. आमची भांडी कॉडिलच्या आईच्या मयताला गेलेली, अजून परत यायची होती. म्हणून ओमानं वरच्या फळीवरून तुझं ते निळ्या किनारीचं खोलगट भांडं काढलं, आईनं तुला लग्नात दिलेलं, डेटनला जाताना इथे राहिलेलं. बटाट्याच्या चकत्या, दूध, वर चीज, भट्टीत खरपूस. (रागावू नकोस. मयताला सांडशी न धरता नेता येईल असं तेवढंच एक भांडं उरलं होतं.) चर्चचा सूट घातला, भांडं पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं आणि निघालो.

सगळ्यांत आधी मी पोचलो हा माझा दोष नाही. वळण माझ्या ओळखीचं आहे. माझ्यामागे ओमा, तिच्यामागे पाद्रीबुवा बायबल काखेत धरून, मग चर्चमध्ये गाणाऱ्या बायका मसाल्याची अंडी, हॅम आणि केळ्याचं पुडिंग घेऊन, आणि सर्वांत शेवटी कबरीचे खड्डे खणणारा एमरी, फावडं व्हरांड्याला टेकवून, कुठली बाजू ते विचारायला. दार कोण उघडणार याचा विचार कुणीच केला नव्हता. मी ठोठावलं. दार उघडलं, आणि एप्रन बांधलेली, हाताला पीठ लागलेली व्हेल्डा नेपियर समोर उभी. तिनं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, सूट पाहिले, भांडी पाहिली. तिचा चेहरा उतरला. तिनं दाराची चौकट धरली.

"कोण गेलं, हॉबर्ट?"

ताई, इतकी वर्षं मी मनात ठरवत होतो की कधी भेटली तर तिला पहिलं वाक्य काय म्हणायचं. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मागून कुणी मदत करीना. पाद्रीबुवा बुटांकडे बघत होते.

"तुम्ही, बाई," मी म्हणालो.

तिनं पिठाचे हात एप्रनला पुसले. मग म्हणाली, एवढं आणलंच आहे तर आत या, गार होईल. एमरीला मात्र तिनं फावडं बाहेर ठेवायला लावलं.

अशा रीतीनं आम्ही व्हेल्डा नेपियरच्या मयताचं जेवण जेवलो आणि खुद्द मयतानं आम्हाला कॉफी वाढली. खाणं संपलं तशी ती खुर्ची ओढून मधोमध बसली आणि म्हणाली, पाद्रीबुवांनी चार शब्द तयार केले असतीलच, ते वाया कशाला घालवता, बोला. पाद्रीबुवांचं भाषण चांगलं होतं, पण त्यात तिचं नाव जिथे यायचं तिथे दोनदा कॉडिलच्या आईचं आलं. मग बायका बोलल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गावात माझं वेड कुणाला माहीत नाही?

मी उठलो आणि काय बोललो ते मला नीट आठवत नाही. पिठाच्या पोत्याचं बोललो. सदऱ्याचं बोललो. करवतीवाल्याचंही बोललो, तेव्हा ती हसली. मग मी तिला एक विचारलं, जे मला कायम छळत आलं आहे. म्हटलं, बाई, तुमच्या प्रत्येक गाण्यात शेवटच्या कडव्याला तुम्ही जरा बाजूला सरता. आवाज उतरवता असं नाही, पण सुराच्या शेजारी थोडी मोकळी जागा सोडता, बाकावर कुणाला बसायला द्यावं तशी. पहिल्या रेकॉर्डपासून शेवटच्यापर्यंत. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. ही कला तुम्ही कुठे शिकलात?

ती उठली आणि रिकामी भांडी गोळा करून स्वयंपाकघरात गेली. माझ्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फडकं घेऊन मागोमाग गेलो.

ती नळाशी उभी होती. एकेक भांडं घासायची, पालथं करायची, बुडाला चिकटवलेल्या पट्टीवरचं नाव वाचायची आणि त्या त्या घरचा ढीग वेगळा लावायची, आपल्याकडे करतात तसं. तुझं भांडं हातात आलं. तिनं पालथं केलं. आईच्या हातची पट्टी आहे ती अजून, पिवळी पडलेली. आर्डिथ. ती ते भांडं धरून उभी राहिली आणि नळ तसाच वाहत राहिला.

मग ती गायला लागली. मला उद्देशून नाही, कुणालाच उद्देशून नाही. 'मागच्या दाराला कडी नाही'. आवाज आता पूर्वीचा नाही, खाली गेलाय, एके ठिकाणी फाटतो, आणि फाटतो तिथेच तो सगळ्यांत चांगला आहे. बाहेरचं बोलणं एकदम थांबलं. मी हातातल्या फडक्यासकट तिथे होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि मला वाटलं देवानं मला त्या चिखलात आणि त्या दवाखान्यात मुद्दाम अडकवून ठेवलं होतं, कारण ते मोठे तंबू आणि थिएटरं काही खरी नव्हती. हे खरं होतं. शेवटचं कडवं आलं. ती बाजूला सरली. जागा सोडली. आणि ताई, ती जागा तशीच रिकामी राहिली, तिच्या शेजारी, नळाच्या आवाजात. माझ्या तोंडातून काही तरी निघणार होतं, पण मी गायलो की कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात हे तूच मला लहानपणी सांगितलं होतंस, म्हणून मी तोंड मिटलं.

तिनं नळ बंद केला.

"ही कलाबिला नाही, हॉबर्ट. ही आर्डिथची जागा आहे. तिच्याशिवाय दुसरं कुणी तिथे घ्यायला मला कधी जमलं नाही." मग भांडं पुसता पुसता म्हणाली, "मी थांबले नाही. बस आली आणि मी चढले. त्याला दुसरं काही नाव नाही."

ती आणखीही एक-दोन गोष्टी बोलली. त्या कागद उरला तर लिहितो.

तर झालं ते असं झालं. लुडी काही वेगळं सांगत असेल तर मानू नकोस. एल्वुडला लोकांनी आधी शिव्या दिल्या आणि मग पाय पाठवले, म्हणजे गोड पाय, सफरचंदाचे. तुला काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, नुसती हकीकत कळवली. गुडघ्यांना जप. भावोजींना सांग की हॅम संपलं.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
हॉबर्ट स्टिडम

ता. क. – ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपल्या चर्चचा वार्षिक मेळावा आहे. बाहेरगावी गेलेली माणसं येतात, झाडाखाली टेबलं मांडून जेवतात, सगळं तुझ्या माहितीचं. व्हेल्डा म्हणाली, मी तिथे गाईन, पण एकटीनं गाणार नाही, आणि दुसरा सूर कोणाचा ते तुला माहीत आहे. मी म्हटलं आर्डिथताई काही ऐकायची नाही. ती म्हणाली, ऐकू नये, मी असते तर मीही ऐकलं नसतं, पण तू विचार.

आणखी ता. क. – मी विचारलं.

आणखी एक – तू रागानं पत्र चुरगळायच्या आत सांगून टाकतो. डेल्बर्टभावोजी फोनवर म्हणाले की रेडिओवर व्हेल्डा लागली की तू बंद करायला उठतेस खरी, पण बटणाला हात लावून उभी राहतेस आणि शेवटचं कडवं संपल्यावरच बंद करतेस. आणि त्या कडव्यापुरते तुझे ओठ हलतात. भावोजींवर चिडू नकोस, त्यांचं मीठ आधीच गेलं आहे.

शेवटचं – मी रडत होतो.

अगदी शेवटचं – तुझं भांडं मला परत मिळालेलं नाही. बाकी सगळ्यांची दिली, तुझं ठेवून घेतलं. म्हणाली, ज्याचं भांडं त्याच्या हातात जातं, भावाच्या नाही, आणि रिकामं जात नाही. मी म्हटलं त्यात काय घालणार, तर म्हणाली, आर्डिथला काय आवडतं ते तू मला सांगायला नको. परवा बस तिच्या वळणावर हळू केली तेव्हा बघितलं, व्हरांड्याच्या पत्र्यावर चादर पसरून तिनं सफरचंदाच्या फोडी वाळत घातल्या आहेत, तुला आवडतो त्या वाळल्या सफरचंदांच्या थरांच्या केकसाठी. हे पत्र तेव्हा मी लिहायलाही घेतलं नव्हतं.